ट्राउटसाठी बरोट की तीर्थन?

साळावली आणि अंजुणे येथील जलाशय डोंगरांच्या कुशीत असले, तरी गोव्यात ट्राउट मिळत नाही, कारण सुमारे २० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेले पाणी या माशाला मानवत नाही. त्यासाठी हिमाचल प्रदेशात जाऊ इच्छिणाऱ्या गोमंतकीय गरीवाल्यासमोर (गळाने मासे पकडणाऱ्यासमोर) बरोट आणि तीर्थन हे दोन चांगले पर्याय आहेत.

मंडी जिल्ह्यातील बरोटचा छोटा जलाशय ऊहल नदीवर, शानन जलविद्युत प्रकल्पासाठी ब्रिटिश काळात बांधला गेला. देवदारांनी वेढलेले हे ठिकाण अतिशय रम्य आहे. वयस्कर आई-वडील किंवा लहान मुले बरोबर असतील, तर बरोटच निवडावे. मात्र वीजनिर्मितीनुसार पाण्याची पातळी बदलत असल्याने काठावर सावध राहावे लागते.

कुल्लू जिल्ह्यातील तीर्थन ही बियासला मिळणारी वाहती, खडकाळ नदी आहे. तिच्या वरच्या खोऱ्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला २०१४ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. येथे निसरड्या दगडांवरून चालावे लागते, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांना मी हे ठिकाण सुचवणार नाही. परंतु ज्याला खरोखर मासेमारीच करायची आहे, त्याने तीर्थनच गाठावे, असे माझे ठाम मत आहे. गोव्यात खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, चणक हा शिकारी मासा जसा प्रवाहाच्या कडेला भक्ष्याची वाट पाहत थांबतो, तसाच ट्राउट मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. त्यामुळे गोव्यातील अनुभवी माणसाची नजर येथे लवकर स्थिरावते. खालच्या बाजूने, सावली पाण्यावर पडू न देता जावे आणि लहान स्पिनर (पाण्यात फिरणारे धातूचे आमिष) प्रवाहाच्या वरच्या दिशेला टाकावा. चणकासाठी वापरली जाणारी जाड दोरी व जड काठी येथे निरुपयोगी ठरते.

दोन्ही ठिकाणी मत्स्यविभागाचा परवाना आवश्यक आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ असल्याने तेव्हा ट्राउट धरण्यास बंदी असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये नद्या गढूळ आणि धोकादायक होतात. म्हणून मार्च ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हेच दिवस धरावेत. खाण्यासाठी संवर्धित रेनबो ट्राउट या भागात मिळतो. त्यामुळे गळाला लागलेला नदीतील मासा, विशेषतः ब्राउन ट्राउट, ओल्या हातांनी सोडवून पुन्हा पाण्यात सोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.