७ हजारांचं ‘शिकारी’ धनुष्य, ९ महिने आणि खानापूरचा पाऊस

खोक्यावर शिंगवाल्या हरणाचं चित्र होतं आणि आत, भेट म्हणून, बाणाला लावायची तीन-तीन पात्यांची तीन धारदार टोकं. पार्सल ओट्यावर उघडत होतो तेव्हा शेजारचे मामा धूळवाफ पेरणीसाठी बियाणं मागायला आले होते. टोक बोटावर धरून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ह्यानं डुक्कर पडतंय काय रे?”

म्हटलं, “मामा, डुकराआधी मी पडतोय, आत.”

तेव्हा हा विषय आधीच मिटवून टाकतो, कारण माझ्याकडे धनुष्य आहे म्हटल्यावर दहातले आठ जण हेच विचारतात. डुकरं भात आडवं करतात, ऊस फोडतात, हे मला सांगायला नको, माझंही शेत जांबोटी रस्त्यालाच आहे. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीला बंदी आहे, आणि ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नव्हे, मारायचा प्रयत्नसुद्धा त्यात धरलाय. ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत तर धनुष्यबाण नावानिशी आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरता येत नाही, आणि आपल्या खानापूर तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात, भीमगड अभयारण्य आहे. त्यामुळे कणकुंबीकडं देवाला जाताना धनुष्य गाडीच्या डिकीत राहिलंय, असं मी होऊ देत नाही. ती तीन टोकं चिंधीत गुंडाळून माळ्यावर टाकलीत. पोत्यावर मारायलाही उपयोग नाही, दोन दिवसांत पोतं फाडतील.

म्हणजे हे ‘शिकारी’ नावाचं धनुष्य मी फक्त निशाण्यासाठी वापरतो. शेताच्या बांधावर, सकाळी दुकान उघडायच्या आधी, आठवड्याला चार दिवस, दिवसाला ५०-६० बाण. भर पावसाचे आठवडे सोडले तरी ६-७ हजार बाण झाले असतील.

धनुष्य ६२ इंची, तीन तुकड्यांत सुटणारं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं. मधला लाकडी रायझर, म्हणजे मूठ, आणि वर-खाली वाकणारे दोन लिम्ब, लाकूड-फायबरग्लास चिकटवलेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हेच धनुष्य मी चार वेगवेगळ्या स्टिकरांखाली विकायला बघितलंय. लिम्बावर ३० पाउंड लिहिलंय, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. खरं किती, म्हणून धान्याची पोती तोलायचा हुकाचा काटा दोरीत अडकवून २८ इंचांपर्यंत ओढलं. १३ किलो, म्हणजे पावणेएकोणतीस पाउंड. माझा हात २७ इंचांवरच संपतो, तिथं १२ किलो. या भावात एवढी खरी मापं मिळतील असं वाटलं नव्हतं. ३५ किंवा ४० पाउंडाचं घ्या म्हणून विकणारा मागं लागला होता. ऐकलं असतं तर खांदा धरून बसलो असतो. सुरुवातीला तीसच पुष्कळ झालं. पुढं नुसते लिम्ब बदलता येतात, रायझर तोच राहतो.

धनुष्याबद्दल एवढंच. खरी गंमत आणि खरा खर्च बाणांत आहे, आणि मी उलटं केलं होतं. सगळे पैसे धनुष्यावर आणि बाण मिळतील ते स्वस्तातले.

पहिले १२ बाण फायबरग्लासचे. जड, सरळ, पोरांना शिकायला बरे. पण एक बाण पोत्याच्या बाजूनं निसटून विहिरीच्या चिऱ्याच्या भिंतीवर गेला. लांबून बघितलं तर धडधाकट. उचलायला गेलो आणि तळव्यात केसाएवढ्या आठ-दहा शिळका घुसल्या. दिव्याखाली बसून आईनं चिमट्यानं काढल्या, दोन दिवस हात आगीसारखा. त्या दिवसापासून भिंतीला लागलेला बाण मी वापरत नाही, उचलताना फडकं घेतो.

मग कार्बनचे १२ घेतले, ६०० स्पाइनचे. स्पाइन म्हणजे बाण किती लवतो त्याचं माप. २८ इंचांवर दोन टेकू, मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगायचं, बाण किती खाली येतो ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ६०० म्हणजे ०.६ इंच, १५ मिलिमीटरला थोडं जास्त. यंत्र कशाला हवं? फळीवर दोन खिळे मारले, बाटलीत पाणी भरून दुकानातल्या काट्यावर बरोबर ८८० केलं, मागं पोराची फूटपट्टी उभी केली. आठ बाण १५ वर आले, तीन १४ वर आणि एक साडेबारावर. तो एक बाण कायम डावीकडं का जातो म्हणून मी तीन आठवडे माझ्या हाताला शिव्या देत होतो! त्याच्या शेपटीला लाल रंग लावलाय, तो आता फक्त पाहुण्यांना.

वजनाचंही तसंच. बेळगावात शहापूरला ओळखीच्या सराफाकडं डझनभर बाण घेऊन गेलो. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून काकांनी काटा दिला. सगळ्यात हलका २२.१ ग्रॅम, सगळ्यात जड २३.६. बाणवाले ग्रेनमध्ये मोजतात असं सांगितल्यावर काका म्हणाले, “ग्रेन म्हणजे किती?” ०.०६५ ग्रॅम म्हटल्यावर हसले, “म्हणजे आमच्या गुंजेच्या निम्म्याला जरा वर. दीड ग्रॅम म्हणजे बारा गुंजा होतात की! एवढी घट आम्ही केली तर गिऱ्हाईक दुकान जाळेल.” बारा गुंजांचा फरक १८ मीटरवर बोटभर खाली दिसतो. सारख्या वजनाचे सहा-सहा अशा दोन जुड्या बांधल्या तेव्हा कुठं बाण एका जागी पडायला लागले. आणखी एक, विकणारा बाण कापून देतो म्हणाला होता. कापू नका. लांब बाण जास्त लवतो, कापला की ताठ होतो, आणि हलक्या धनुष्याला ताठ बाण चालत नाही.

खोक्यातली बाकीची चिल्लर बहुतेक टाकाऊ. दोरी ओढताना बोटांवर घालायची टॅब रेग्झिनची, महिन्यात पापुद्रे निघाले. हाताला दोरीचा फटका बसू नये म्हणून बांधायच्या आर्मगार्डचा इलॅस्टिक सैल. बाण टेकवायचा चिकट प्लास्टिकचा रेस्ट जूनच्या दमट हवेत आपोआप गळून पडला, आणि मी तो शोधलाही नाही.

अथणीचा एक चपला शिवणारा कारागीर ओळखीचा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं त्यात कोल्हापूर, सांगलीबरोबर आपला बेळगाव जिल्हाही आहे; उगीच नाही. त्याच्याकडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं असतं. तळाचं जाड कातडं नको, वरच्या पट्ट्याचं दे म्हटलं. एक टॅब, एक आर्मगार्ड आणि रायझरच्या खाचेत चिकटवायला एक तुकडा, सगळे मिळून ३०० रुपये. टॅब पहिला आठवडा खारकेसारखी कडक होती, मग बोटांचा आकार धरला. आता दोरी सुटते ती लोण्यासारखी. सगळ्या सामानात पैसे वसूल झालेली वस्तू म्हणाल तर हीच.

कातड्यावरून बाण मारायचा तर मागं खरी पिसं लागतात. प्लास्टिकची पाती खाचेवर आपटतात आणि बाण शेपूट उडवतो. पण पिसं भिजली की निजतात, भिजलेल्या कोंबडीसारखी. खानापूरच्या जुलैत हे रोजचंच. मी पिसांचे बाण पावसात काढतच नाही. गोठ्याच्या पत्र्याखाली ९ मीटर जागा मिळते तिथं मारत बसतो. म्हशीनं तोंड फिरवून बघायचंही सोडलंय.

निशाण्याची पोती दोनदा बदलली. पहिलं पोतं भाताच्या पिंजराचं, म्हणजे पेंढ्याचं, दाभणानं शिवलेलं. महिनाभर उत्तम, मग मधे भोक पडून बाण आरपार जायला लागले, आणि पावसाळ्यात उंदरांनी घर केलं. आता युरियाच्या पोत्यात शिंप्याकडचं कातरण ठासून भरलंय, ३० किलो तरी असेल. बटणं आणि चेन काढून टाका, नाहीतर बाणाचं टोक वाकतं. दोन बोटांनी बाण निघतो. निशाणा म्हणजे जुन्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या पाठीवर रंगवलेला ४० सेंटिमीटरचा गोल, मधला पिवळा ८ सेंटिमीटर. पोत्याच्या मागं पुरुषभर मातीचा बांध आहे. तो नसता तर मी हा उद्योग केलाच नसता, पलीकडं पायवाट आहे.

तक्रारी दोन, आणि दोन्हींत माझाही वाटा. पहिले दोन महिने मी पायात अडकवून दोरी चढवत होतो, कारण सोबत आलेली चढवायची दोरी आखूड होती. खालचा लिम्ब पिळला, दोरी मधोमध बसेना. रोज उलट्या बाजूला हलक्या हातानं पीळ देत पंधरा दिवसांत सरळ केला. नंतर नायलॉनची दोरी आणून दोन टोकांना कातड्याचे खिसे शिवून घेतले, पुन्हा त्रास नाही. दुसरं, गणपतीत आलेल्या भाच्यानं बाण न लावताच ओढून सोडलं. फाट्कन आवाज आला, माझ्या पोटात गोळा. लिम्बावरून कापसाचा बोळा फिरवला. चीर असली तर कापूस अडकतो. अडकला नाही. तरी आठवडाभर मी तोंड वळवूनच ओढत होतो.

दोरी सोबतची डॅक्रॉनची. नवीन असताना ताणते, धनुष्याची पकड ते दोरी हे अंतर साडेसात इंचांच्या खाली आलं की उतरवून चार पीळ वाढवायचे. पाचव्या महिन्यात मधला गुंडाळा उसवला, दुसरी घेतली. मेण विकतचं नाही, मधाच्या पोळ्याचं. मे महिन्यात गाडीत ठेवू नका एवढंच सांगतो, उन्हात चिकटवलेले थर सुटतात.

खंडेनवमीला आईनं कोयता-विळ्याबरोबर धनुष्यही पुजलं. वरच्या लिम्बावर कुंकवाचं बोट उमटलंय ते पुसलं जात नाही, मी जोरही लावत नाही.

आज पुन्हा घ्यायचं झालं तर धनुष्य हेच घेईन. फक्त फायबरग्लासचे बाण गाळून पहिल्याच दिवशी कार्बनचे १२ घेईन आणि खोक्यातली चिल्लर न उघडता अथणी गाठेन. कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, बघितलं होतं, पण त्याची दोरी बदलायलासुद्धा प्रेस, म्हणजे लिम्ब दाबून धरणारं यंत्र, लागते. ती मी कुठं शोधू?

एक सांगायचं राहिलं. जुलैत एका उघडिपीच्या दिवशी एक कार्बनचा बाण बांधावरून पलीकडं मामांच्या भातात गेला होता. चिखल तुडवून दोन दिवस शोधला, सोडून दिला. नोव्हेंबरात कापणीला मामांच्या विळ्याला तो लागला. पिसं मुंग्यांनी खाल्लेली, टोक गंजलेलं. “घे तुझं डुक्कर,” म्हणून त्यांनी हातात दिला. धुतला, कानाशी धरून वाकवून बघितला, आवाज नाही. खिळ्यांवर ठेवून बाटली टांगली. १५ मिलिमीटर.