आमच्या गावच्या चर्चची जवानांसाठीची पत्र-पार्सल सेवा : साडेचार स्टार, अर्धा का कापला तेपण लिहिलंय

पहिलंच सांगून टाकते, आम्ही चर्चचे नाही, आमच्या घरात जोतिबा, चैत्रात सासनकाठी घेऊन डोंगर चढणारी माणसं. तरी रिव्ह्यू चर्चचा लिहितेय कारण आमचे धाकटे भावजी फौजेत आहेत आणि पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावात पोरांशी वर्षभर संपर्क ठेवायचं काम कोण नीट करत असेल तर ही चर्चची मंडळीच. बाकी सगळे २६ जानेवारीला सत्कार करतात, शाल, नारळ, फोटो, विषय संपला.

सेवा अशी आहे. गावातला कुठल्याबी जातीधर्माचा पोरगा भरती झाला की त्याचं नाव यांच्या वहीत चढतं. मग महिन्याला दोन पानांचं छापील पत्र पोस्टानं जातं, आणि नाताळला पार्सल, आता दिवाळीलापण करतात. शिवणकाम, पत्ता लिहिणं, पोस्टात नेणं सगळं ते बघतात, पोस्टाचा खर्च आपण द्यायचा, ज्याला जमत नाही त्याचा मंडळीच्या दानातनं जातो आणि कुणाचा गेला ते कुणाला सांगत नाहीत. हे मला लय आवडलं.

आता पत्राबद्दल. मला आधी वाटलेलं की बायबलची वचनं आणि देशभक्तीचं भाषण असणार. वचन असतं, खाली एक ओळ, बास. वरची सगळी जागा गावच्या बातम्यांना. कुणाची म्हैस व्याली, कारखान्याचा हप्ता आला का, वारणेला पाणी किती, पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर (३९ ला इशारा, ४३ ला धोका हे आमच्याकडं शेंबड्या पोरालापण पाठ असतंय), आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचे निकाल. फुटबॉलसाठी वेगळा चौकोनच असतो, कारण एकदा तो राहिला तर पार सीमेवरनं फोन आला म्हणे पाळकसाहेबांना, की पाटाकडील तालमीच्या टीमचं काय झालं ते लिहिलं नाही तुम्ही. पाळकसाहेब स्वतः खंडोबा तालमीच्या टीमवाले, त्यामुळं पोरांचं म्हणणं की मुद्दाम गाळलं.

खरी परीक्षा झाली ती २०२५ च्या एप्रिल-मे महिन्यात. २२ एप्रिलला पहलगाम झालं, पुढं ७ मे ला पहाटे ऑपरेशन सिंदूर. भावजी लग्नसराईला म्हणून सुट्टीवर आलेले, परत बोलावणं आलं, हळदीतनं उठून गेले, मिळेल त्या गाडीनं. त्यानंतर फोन बंद. टीव्हीवर तर काय वाट्टेल ते चाललेलं, कराची घेतली काय, अमकं उडवलं काय, सासूबाई टीव्हीसमोरनं उठेनात आणि जाऊबाई टीव्हीच्या खोलीत येईनात. अशात चर्चनं जे केलं ते नीट लिहिते, कारण पुन्हा कुणाला करायचं झालं तर उपयोगी पडेल. गावाचा जो जवानांच्या घरच्यांचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे (अ‍ॅडमिन चर्चचे पंच) तो त्यांनी पहिल्याच दिवशी ‘फक्त अ‍ॅडमिन’ करून टाकला, एकपण फॉरवर्ड नाही, काहीजण चिडले, मीपण चिडलेले, पण दोन दिवसांत कळलं की त्या ग्रुपवर आवाज नाही म्हणजे वाईट बातमी नाही एवढं तरी समजतंय. रोज संध्याकाळी घंटा वाजायची आणि ज्याला यायचंय त्यानं यायचं. प्रार्थनेत पोरांची नुसती नावं वाचायचे, युनिट नाही, ठिकाण नाही. व्हरांड्यात पूर्वी बोर्ड होता, नाव, युनिट, सध्या कुठं असं सगळं, तो काढून आत ठेवला. महिला समाजाच्या बायका घरोघरी जायच्या, आमच्याकडं आल्या तर सासूबाईंना “काय बातमी?” असं कुणी विचारलं नाही, गवार निवडत बसल्या आणि गेल्या.

आणि त्या धावपळीतसुद्धा पत्र निघालं, एकच पान. त्यात युद्धाचा शब्द नाही. बारावीचा निकाल ५ मे ला लागलेला, त्यात गावातल्या पोरापोरींचे मार्क, आंबा यंदा कसा आहे, आणि आमच्या शेजारच्या म्हशीला रेडी झाली ते. ते पत्र पोचलं तोवर १० मे होऊन गेलेली, गोळीबार थांबलेला. मला वाटलं उशीर झाला, फुकट गेलं. तर भावजी पुढं फोनवर म्हणतात, “वैनी, ते म्हशीचं मी सगळ्या बरॅकला वाचून दाखवलं.” बरॅकमध्ये मराठा म्हणजे सांगली सातारा बेळगाव सगळीकडचे, प्रत्येकाच्या घरी म्हैस.

ठिकाण न लिहिण्यावरनं पाळकसाहेबांनी एक गोष्ट सांगितली ती इथं टाकतेच. पहिल्या महायुद्धात आपले सैनिक फ्रान्समध्ये लढत होते तेव्हा त्यांची पत्रं सेन्सॉरवाले वाचायचे. मग काही सैनिक घरी लिहिताना हिंदी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणायचे, काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतायत, असं. सेन्सॉरला ते कळायचं म्हणा, म्हणून तर आज आपल्याला माहीत आहे. त्याच काळात विलायतेत खेड्यापाड्यातली चर्चं आपलं मासिक आघाडीवरच्या पोरांना पोस्टानं पाठवायची, पोरांच्या नावांची यादी चर्चमध्ये लावायची, मोजे विणून द्यायची. इथली पद्धत तिथनंच उचललेली आहे हे ते उघड सांगतात. आमच्याकडं मिशनचं काम तसं जुनं, अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब कोल्हापुरात आले ते १८५२ ला. फक्त मोज्यांच्या जागी आमच्याकडं चटणी आली.

चटणीवरनं पार्सल. पॅकिंगला पैकीच्या पैकी. मांजरपाटाच्या कापडात शिवतात, दुहेरी टाका, पत्ता पक्क्या मार्करनं दोन बाजूंना. आत कांदा-लसूण चटणी (तेल न सुटणारी, कोरडी, दोन पिशव्यांत), शेंगदाण्याची चटणी, भडंग, सांडगी मिरची, डिंकाचे लाडू, नाताळ असेल तर करंज्या, गुळाची छोटी ढेप थंडीतच, उन्हाळ्यात नाही. लोणचं घेत नाहीत, कितीबी भांडा. काडेपेटी, लायटर, स्प्रे काहीही नाही. १९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरीच्या नावानं सैनिकांना पितळी डब्या वाटलेल्या, त्यात हिंदी सैनिकांसाठी खडीसाखर आणि मसाल्याची डबी घातलेली होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी राणीच्या घरात कळलं होतं की आपल्या माणसाला मसाला लागतो, आणि आमच्या सासूबाई अजून पार्सलमध्ये बिस्किटाचे पुडे कोंबायला बघतात, जे तिथं कॅन्टीनला मिळतात.

पत्त्याचं यांच्याकडनंच शिकले. नंबर, रँक, नाव, युनिट, मग केअर ऑफ ५६ एपीओ (म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ९९ एपीओ, आणि ९ नं सुरू होणारा पिन. गावाचं शहराचं नाव लिहायचंच नाही. साधारण ५६ म्हणजे उत्तर-पश्चिमेकडचे, ९९ म्हणजे पूर्वेकडचे, पुढं कुठं न्यायचं ते आर्मीचं पोस्ट बघतं. नेव्हीतल्या पोरांना जहाजाचं नाव आणि फ्लीट मेल ऑफिस. वहीत हे सगळं लिहिलेलं असतं, बदली झाली की घरच्यांनी येऊन सांगायचं, आणि बरेचजण सांगत नाहीत आणि पार्सल परत आलं की चर्चला बोलतात. चूक तुमची असते भावांनो.

आता अर्धा स्टार. घरच्यांची पत्रं त्याच पाकिटात जातात, पण उघडी घेतात, घडी घालून पिन मारतात, दुमडताना नजर पडतेच की. जाऊबाईंनी दोनेक वेळा दिलं मग बंदच केलं, नव्या लग्नाची बाई काय “म्हैस व्याली” एवढंच लिहिणार होय. मी महिला समाजाच्या बाईंना बोलले, त्या म्हणाल्या, “वजन बघावं लागतंय ओ ताई, म्हणून उघडं घेतो.” वजन बंद पाकिटाचंपण बघता येतं. दुसरं म्हणजे फोटो. पत्रात बारशाचे लग्नाचे फोटो छापतात पण काळ्यापांढऱ्या झेरॉक्सवर, आमच्या बाळाचा फोटो कोळशाच्या पोत्यासारखा दिसत होता, भावजींनी विचारलं हे काय आहे. आणि अक्षर बारीक. दोन पानांत बसवायच्या नादात इतकं बारीक करतात की तिकडं बॅटरीच्या उजेडात वाचायचं कसं, तीन पानं करा की.

ग्रुप मात्र अजून ‘फक्त अ‍ॅडमिन’च आहे. युद्धात ठीक होतं, आता उघडा म्हणावं, पण पंच ऐकत नाहीत. यावर गावात दोन मतं आहेत, मी कुठल्या बाजूला ते रोज बदलतं.

कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी गावं आहेत, गडहिंग्लजकडं तर घराघरात फौजी, तिथल्या कुणाला असं सुरू करायचं असेल तर येऊन वही बघून जा, हे लोक दाखवतात, काही लपवत नाहीत. फक्त रविवारी सकाळी जाऊ नका, उपासना असते, आणि नंतर पाळकसाहेब चहाला बसवतात मग दुपार होते. नाताळच्या पार्सलचं सामान नोव्हेंबर संपायच्या आत द्यायचं, डबा नको, पिशवीतच द्या, डबे परत मिळत नाहीत, माझे दोन स्टीलचे तिकडंच आहेत.