दुबईत बिऱ्हाड आणि धंदा: एक उन्हाळा आणि एक रिन्युअल उलटल्यावरचा अनुभव

नोव्हेंबरात दुबईत उतरलेला माणूस जानेवारीत जे लिहितो ते हवेचं कौतुक असतं, शहराचं नव्हे. थंडीच्या चार महिन्यांत गॅलरीत बसून चहा पिता येतो, आणि खिडक्या उघड्या ठेवता येतात. पुढे काय होतं ते कळायला एक अख्खा उन्हाळा जावा लागतो. धंद्याचं गणित कळायला लायसन्सचं आणि घरभाड्याचं एकेक रिन्युअल व्हावं लागतं. हा अनुभव या दोन्ही गोष्टी झाल्यावरचा, चौदा महिन्यांचा.

मत आधीच सांगून टाकतो. 'करमुक्त' या शब्दावर भाळून येऊ नका. कर कमी आहे हे खरं, पण हे शहर पैसे आगाऊ घेतं आणि दर वर्षी पुन्हा घेतं. हाताशी सहा महिन्यांची रोकड असेल तर इथली व्यवस्था लोण्यासारखी चालते. धंदा उधारी-वसुलीवर चालत असेल, तर पहिलंच वर्ष जड जातं.

सगळी गुंतागुंत क्रमाची आहे. घर घ्यायला चेकबुक लागतं, चेकबुकला बँक खातं, खात्याला एमिरेट्स आयडी (इथलं सरकारी ओळखपत्र), आयडीला रेसिडेन्स व्हिसा आणि स्वतःच्या धंद्यावर व्हिसा काढायचा तर आधी लायसन्स. त्यात बँक विचारते, राहायचा पत्ता काय? म्हणून क्रम असा धरा: लायसन्स, कंपनीचं एस्टॅब्लिशमेंट कार्ड (त्याशिवाय कंपनीला व्हिसा काढता येत नाही), एंट्री परमिट, मेडिकल (रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे), बोटांचे ठसे, आयडी, बँक, चेकबुक, घर, आणि सर्वांत शेवटी कुटुंबाचा व्हिसा, कारण त्याला नोंदवलेला भाडेकरार लागतो. हे होईपर्यंत निदान सहा ते आठ आठवडे महिन्याच्या भाड्याची सुसज्ज खोली घ्या. बायको-मुलांना पहिल्याच विमानानं आणू नका.

लायसन्सच्या जाहिरातीतला आकडा बहुधा शून्य व्हिसाचा असतो. एस्टॅब्लिशमेंट कार्ड, प्रत्येक व्हिसा, मेडिकल, आयडी, आरोग्यविमा हे सगळं वेगळं. दरपत्रक मागताना एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या वर्षी रिन्युअलला एकूण किती? पहिल्या वर्षीची सूट दुसऱ्या वर्षी नसते, आणि खरा आकडा तोच. फ्री झोन (कंपन्यांसाठी वेगळे नियम असलेला खास विभाग) की मेनलँड (बाकीची दुबई), हा वाद २०२१नंतर थोडा निवळला, कारण तेव्हापासून बहुतेक धंद्यांना मेनलँडवरही शंभर टक्के परदेशी मालकी मिळते. गिऱ्हाईक भारतात, युरोपात असेल तर फ्री झोन पुरे. दुबईतल्याच दुकानांना, हॉटेलांना माल द्यायचा असेल, तर मेनलँडचा जास्तीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा. आणि लायसन्सवर लिहिलेली अ‍ॅक्टिव्हिटी नीट निवडा. लायसन्सवर 'मॅनेजमेंट कन्सल्टन्सी' आणि खात्यात येणारे पैसे मसाल्याच्या निर्यातीचे, असं दिसलं की बँक खातं रोखून कागद मागते.

बँक हीच खरी अडचण. लायसन्स काही दिवसांत हातात पडतं, कंपनीचं खातं उघडायला मात्र तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत काहीही लागू शकतं. भारतातल्या खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंटं, दोन-तीन गिऱ्हाइकांचे करार, जुनी इन्व्हॉइसं, मालकाचा बायोडेटा आणि पैसा कुठून आला याचं एका पानाचं स्पष्टीकरण, हा गठ्ठा निघण्याआधीच पीडीएफ करून ठेवा. किमान सरासरी शिल्लक अनेक ठिकाणी २५,००० ते ५०,००० दिरहॅम असते. तितकी नसली की दरमहा दंड कापतात. डिजिटल खाती स्वस्त पडतात, पण चेकबुक मिळतं का ते आधी पाहा.

कारण इथे घर चेकवर मिळतं. भाडं वर्षाचं ठरतं आणि एक, दोन, चार, क्वचित सहा किंवा बारा पुढच्या तारखांच्या चेकांत दिलं जातं. चेक जितके कमी तितकी घासाघीस जास्त चालते. हिशेबाला सोपा आकडा घेऊ: वर्षाला ८०,००० दिरहॅम, चार चेक. किल्ली घेताना पहिला चेक २०,०००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे ४,००० (फर्निचरसकट घर असेल तर १० टक्के), एजंटचं कमिशन ५ टक्के आणि त्यावर व्हॅट मिळून ४,२००, करार नोंदवायची म्हणजे इजारीची फी सव्वादोनशेच्या आसपास, वीज-पाण्याचं डिपॉझिट २,००० आणि जोडणीचे शे-सव्वाशे. साधारण ३०,५०० दिरहॅम पहिल्याच आठवड्यात गेले, आणि अजून घरात गादी नाही.

वीज-पाणी खात्याला सगळे 'देवा' म्हणतात. मराठी माणसाच्या तोंडून ऑगस्टचं बिल पाहिल्यावर तेच निघतं, त्यामुळे नाव लक्षात राहतं. या बिलात दरमहा 'हाउसिंग फी' येते, ती वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, बारा भागांत. वरच्या उदाहरणात महिन्याला ३३३ दिरहॅम. घरभाडं ठरवताना हा आकडा कोणी सांगत नाही.

दुसरं न सांगितलं जाणारं बिल चिलरचं. कित्येक इमारतींत एसीचं गार पाणी बाहेरच्या कंपनीकडून येतं, आणि त्या बिलाचे दोन भाग असतात: वापराचा आकार, आणि तुमच्या घराला मंजूर क्षमतेचा ठरावीक आकार. दुसरा भाग घर दोन महिने कुलूपबंद असलं तरी येतो. 'चिलर फ्री' घर म्हणजे हा खर्च मालकाकडे. तशा घराचं भाडं थोडं जास्त दिसतं, पण वर्षाचा हिशेब मांडला की बरेचदा तेच स्वस्त पडतं. घर पाहायला जाल तेव्हा आधीच्या भाडेकरूचं जुलै किंवा ऑगस्टचं बिल मागा. जानेवारीचं दाखवलं तर ओळखा.

आता उन्हाळा. ४० ते ४५ अंश हा आकडा नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला काही नवा नाही. नवा आहे तो दमटपणा. रात्री दहा वाजता इमारतीबाहेर पडलं की चष्मा धुक्यानं पांढरा होतो, आणि खिडकीच्या काचेवर बाहेरच्या बाजूनं पाणी ओघळतं. विदर्भातल्यासारखा कूलर इथे निरुपयोगी, कारण हवेतच पाणी आहे.

गारेगार अंघोळ विसरा. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर निळ्या खुणेच्या नळालाच चटका बसतो. त्यावर इथले जुने लोक उलटा उपाय करतात. गीझर घराच्या आत, बहुधा बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये असतो. मे अखेरीला त्याचं बटण बंद करून टाकायचं. गीझरच्या टाकीतलं पन्नासेक लिटर पाणी एसीच्या हवेत निवत राहतं आणि लाल खुणेचा नळ हाच थंड नळ होतो. अंघोळीला दोन्ही नळ मिसळा. नुसता लाल सोडलात तर दुसऱ्या माणसाच्या वाट्याला पुन्हा कढत पाणी. गीझर तपासायला आलेल्या मिस्त्रीला मात्र आधी सांगा, नाहीतर तो बटण चालू करून जातो.

एसीबाबत तीन चुका होतात. पहिली म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाताना एसी पूर्ण बंद करणं. परत येईपर्यंत चामड्याच्या चपला, कपाटाची पाठ, गाद्या यांवर बुरशी धरलेली असते. २६-२७ अंशांवर, पंखा 'ऑटो'वर ठेवून जा. बिल येईल, पण कपाट वाचेल. दुसरी चूक बाथरूमचा एक्झॉस्ट दिवसभर चालू ठेवण्याची. तो घरातली गार हवा बाहेर टाकतो आणि दाराच्या फटीतून तितकीच दमट हवा आत ओढतो. मग एसीच्या जाळीवरून थेंब गळायला लागतात. तिसरी, सर्व्हिसिंग जुलैपर्यंत लांबवणं. आतल्या युनिटच्या निचऱ्याच्या नळीत शेवाळ आणि धूळ साचून ती तुंबते, आणि पाणी सीलिंगमधून खाली येतं. एप्रिलमध्ये नळी धुऊन घ्या. करारात बहुधा कलम असतं की अमुक रकमेच्या आतली दुरुस्ती भाडेकरूची. ती रक्कम सही करण्यापूर्वी वाचा.

पाऊस वर्षातून मोजकेच दिवस, पण त्याला हसू नका. १६ एप्रिल २०२४ला संयुक्त अरब अमिरातीत (यूएई) नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा, म्हणजे ७५ वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अबू धाबी अमिरातीतल्या अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर. इमारतींच्या तळघरांतल्या गाड्या बुडाल्या. गाडीचा विमा घेताना पूर-वादळाचं कलम आहे ना ते पाहा, कारण स्वस्त थर्ड पार्टी विम्यात ते नसतं.

गाडीवरून आठवलं. रेसिडेन्स व्हिसा लागला की भारताचं किंवा आंतरराष्ट्रीय लायसन्स चालत नाही, आणि भारताचं बदलूनही मिळत नाही. ड्रायव्हिंग स्कूलचे तास सहसा घ्यावे लागतात. जुनं लायसन्स असेल तर तास कमी होतात, परीक्षा सुटत नाही. तोवर मेट्रो आहे, ती चोख आहे, फक्त डब्यात पाण्याचा घोट घेतलात तरी १०० दिरहॅम दंड. गाडी आल्यावर टोलनाक्याचे पैसे, म्हणजे सालिक, जानेवारी २०२५ अखेरपासून सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत ६ आणि एरवी ४ दिरहॅम आहेत, रात्री एक ते सकाळी सहा फुकट. शारजात स्वस्त घर घेऊन दुबईत नोकरी करणाऱ्यांनी टोलाइतकाच रस्त्यात जाणारा वेळही मोजावा.

कराचं थोडक्यात. पगारावर आयकर नाही. व्हॅट ५ टक्के, २०१८पासून. जून २०२३पासून कंपनीच्या ३,७५,००० दिरहॅमवरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. ३० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्यांना २०२६ अखेरपर्यंत संपणाऱ्या वर्षांसाठी सवलत आहे, पण ती मागावी लागते, आणि नोंदणी शून्य कर असला तरी सक्तीची. नोंदणीला उशीर झाला तर दंड १०,००० दिरहॅम. 'आपल्याला कुठे लागू आहे' म्हणणाऱ्या छोट्या कन्सल्टंटांनाच तो जास्त बसतो.

भारताची बाजू सुटली तर सगळंच फुकट. तिथे निवासी ठरवताना एप्रिल ते मार्च मोजतात, त्यामुळे नोकरी-धंद्यासाठी जाणाऱ्यानं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी देश सोडला तर त्याच वर्षी अनिवासी ठरता येतं. ऑक्टोबरात निघालात की ते वर्ष गेलं. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर नियम आणखी कडक होतात. सीएला तिकीट काढण्याआधी भेटा, रिटर्न भरताना नव्हे. साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयांतलं खातं, करून घ्या. आणि इकडचा साधा रेसिडेन्स व्हिसा सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की बाद होतो, तेही कॅलेंडरवर लिहून ठेवा.

घरमालकानं भाडं वाढवायचं म्हटलं की घाबरू नका. करार संपायच्या ९० दिवस आधी लेखी सूचना हवी, आणि वाढ सरकारी भाडे-निर्देशांकात बसायला हवी. तुमचं भाडं बाजारभावाच्या १० टक्क्यांपर्यंतच खाली असेल तर वाढ शून्य. ४० टक्क्यांहून खाली असेल तरी जास्तीत जास्त २० टक्के. घर विकायचंय किंवा स्वतः राहायला यायचंय म्हणून काढायचं असेल तर बारा महिन्यांची नोटरीमार्फत नोटीस. मालकाचा एजंट व्हॉट्सअ‍ॅपवर 'या महिन्यात खाली करा' लिहितो तेव्हा हेच नियम नम्रपणे पाठवायचे. चिडून मात्र इमारतीचं नाव घेऊन कुठे जाहीर लिहू नका. ऑनलाइन बदनामी इथे फौजदारी गुन्हा आहे. या लेखात कुठल्या इमारतीचं किंवा एजंटचं नाव नाही, ते उगाच नव्हे.

निघण्यापूर्वीचं सामान. पदवीचं आणि लग्नाचं प्रमाणपत्र मंत्रालय, मग परराष्ट्र खातं, मग मुंबईतला यूएईचा वाणिज्य दूतावास, या क्रमानं साक्षांकित करून आणा. एजंट 'अपोस्टील (कागदावरचा आंतरराष्ट्रीय शिक्का) करून देतो' म्हणाला तर पैसे वाया, कारण यूएई अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात नाही. प्लग तीन चौकोनी पिनांचे, त्यामुळे मिक्सरला अ‍ॅडॅप्टर. अनेक घरांत गॅस नसून इलेक्ट्रिक शेगडी असते, म्हणून सपाट बुडाचा कुकर. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. आई-वडिलांच्या फोनवर बोटिम हे इथे चालणारं कॉलचं अ‍ॅप निघण्याआधीच टाकून त्यांना दोनदा वापरायला लावा. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या परवानगीशिवाय बॅगेत नकोत.

आणि खसखस. इथे ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, चिमूटभरही चालत नाही. डब्यातली पुरचुंडी आठवते, पण मालवणी मसाल्यात कुटलेली आणि दिवाळीच्या फराळातल्या अनारशांना लावलेली कोणाच्या लक्षात राहत नाही. मसाला कुटायला टाकतानाच वगळायला सांगा, आणि अनारशांना तीळ लावा.