गुडघ्यांसाठी घेतलेला आसनसंच : विटा खऱ्या, चटई फसवी

वज्रासनात बसताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येऊ लागली, तेव्हा आसनेच बंद करण्यापेक्षा साधनांचा आधार घ्यावा असे ठरवून मी पुण्यातील एका दुकानातून लाकडाच्या दोन विटा, सुती पट्टा, लोड आणि 8 मिलिमीटर जाडीची चटई असा संच 3,400 रुपयांना घेतला. आसनांसाठी विटा, पट्टे अशी साधने रूढ करणारे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांची संस्था 1975 पासून याच शहरात असल्यामुळे येथे योगाच्या विटा मागितल्या तरी कोणी बांधकामाची चौकशी करत नाही.

तीन महिन्यांच्या वापरानंतर सांगायचे तर, पैसे वसूल झाले ते विटांमुळे. वीरासनात दोन्ही टाचांच्या मधोमध वीट आडवी ठेवून तिच्यावर बसले की बैठक उंचावते, गुडघा पूर्ण मिटावा लागत नाही आणि शरीराचा भार सांध्याऐवजी विटेवर जातो. पहिले पंधरा दिवस मला एकावर एक अशा दोन विटा लागत होत्या, आता एक पुरते. त्रिकोणासनात पूर्वी माझा हात नडगीवर रेलत असे आणि त्या दाबाने गुडघा मागे ढकलला जाई; आता पावलाच्या बाहेरच्या बाजूला उभ्या केलेल्या विटेवर हात टेकल्याने मांडीचा स्नायू वर खेचून धरता येतो. एका विटेची कड मात्र इतकी धारदार होती की ती घरीच पॉलिश कागदाने घासावी लागली.

चटईने निराशा केली. जाड म्हणजे आरामदायी, हा माझाच गैरसमज होता. अधोमुख श्वानासनात तळहाताचा मनगटाकडचा भाग तिच्यात रुततो, मनगट अधिक मागे वाकते आणि पाचव्या श्वासापर्यंत दुखू लागते. त्यापेक्षा 4 मिलिमीटरची घट्ट चटई आणि गुडघे टेकायच्या वेळी त्यांच्याखाली घडी केलेली सोलापुरी चादर, ही जोडी कितीतरी सरस ठरली.

पट्ट्याची प्लास्टिकची कडी सुप्त पादांगुष्ठासनात, म्हणजे पाठीवर झोपून पट्ट्याने एक पाय वर ओढून धरताना, ताण येताच सरकत असे. दुकानदाराने तक्रार न करता धातूच्या दोन कड्यांचा पट्टा बदलून दिला. लोड चांगला भरीव आहे.

पूर्ण संच घेण्याची गरज नाही. या वस्तू तेथे सुट्याही मिळतात, फक्त विटा घेताना चारही कडांवरून बोट फिरवून पाहावे.