शाळेसाठी वॉट्सॲप: व्हॉइस नोटला पैकीच्या पैकी, ग्रुप मात्र काठावर पास

आधीच सांगते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पाचवी ते सातवी, बीड जिल्ह्यातलं डोंगरातलं गाव, आणि दिवाळी झाली की निम्मी लेकरं आईबापासंगं ऊसतोडीला जातात. त्यामुळं ज्यांच्या वर्गात स्मार्ट बोर्ड न् वायफाय आहे त्यांना यातलं किती लागू पडंल ते त्यांनीच बघावं. आमच्याकडं सोशल मीडिया म्हणजे वॉट्सॲप, बाकीचं सगळं नंतर.

2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा गावोगाव वर्गाचे ग्रुप निघाले, ते आजतागायत चालू आहेत. आता ग्रुपात 1024 माणसं मावतात म्हणे, पण आपल्याला काय करायचंय, तीस-पस्तीस पालक असले तरी सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी कुणाच्या तरी वाढदिवसाचं बॅनर, आणि संध्याकाळी अभ्यास टाकला की पहिल्या हुशार लेकरानं उत्तर पाठवायची खोटी, मागून सगळ्यांची उत्तरं तीच, चुकीच्या वेलांटीसकट. फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग 2018 पासून आहे, ती लावली की गोंधळ थांबतो पण मग तो शाळेचा फळा होतो, शिकवणं तिथं होत नाही. पोलचंही तसंच, कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळं सरपंचाची पोरगी जिकडं बोट ठेवील तिकडं अख्खा वर्ग.

यावर उपाय म्हणजे ब्रॉडकास्ट लिस्ट, आणि ही अर्ध्या मास्तरलोकांना माहीतच नाही. एकच मेसेज सगळ्यांना जातो पण उत्तर येतं ते फक्त आपल्याकडं, कुणाला कुणाचं दिसत नाही. नक्कल बंद. वर जे पोरगं वर्गात तोंड उघडत नाही ते इथं रात्री नऊला विचारतं, "म्याडम, छेद सारखा का करायचा?" एक अट आहे मात्र, समोरच्यानं आपला नंबर सेव्ह केलेला असला तरच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून पालकसभेला एकेकाचा फोन हातात घेऊन स्वतः सेव्ह करून द्यायचा, "करून घ्या" म्हणून सोडून दिलं तर कुणी करत नाही.

आता व्हॉइस नोट. माझ्या मते सगळ्यात भारी चीज हीच, आणि शिक्षणाच्या कुठल्याच ट्रेनिंगात हिचं नाव निघत नाही. टोळीसोबत गेलेलं लेकरू कुठंतरी सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, असतं, बापाचा फोन दिवसभर फडात, रेंज असली तर असली. व्हिडिओ कॉल तिथं काय कामाचा? पण दोन मिनिटाची नोट छोटी असते, रेंज नसली तरी रेकॉर्ड होते, घड्याळाचं चिन्ह दाखवत थांबते आणि रेंज आली की जाते. मी धड्यातला एक उतारा सांगते, लेकरं वाचून पाठवतात, मी ऐकून परत बोलून सांगते की "जोडाक्षरापाशी अडखळलास, पुन्हा वाच." लिहून पाठवलेला शेरा आईला वाचता येत नसंल तर वाया, बोललेला शेरा घरचे सगळे ऐकतात. दीडपट-दुप्पट स्पीडवर ऐकायची सोय आहे पण वाचन तपासताना ती वापरू नका, अडखळणं कळतच नाही, म्हणजे वेळ जातोच, ते धरून चला.

सगळ्यात रंगला तो मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा, म्हणजे निजामाच्या राजवटीतून सुटल्याचा धडा. 17 सप्टेंबरच्या आधी सांगितलं की घरातलं नाहीतर गल्लीतलं ऐंशी-नव्वदीतलं माणूस गाठा, रझाकाराच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांच्या, काळात घरच्यांनी काय बघितलं ते त्यांच्याच आवाजात आणा. पुस्तकात 1948 ची लष्करी कारवाई चार ओळीत संपते, म्हातारी माणसं मात्र पोलीस ॲक्शन म्हणतात आणि सांगत बसली की थांबत नाहीत, कुणी दागिने पुरल्याचं, कुणी रात्रीतून गाव सोडल्याचं. वर्गात ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवलं. दोन आज्यांनी एकाच रात्रीचं दोन तऱ्हेनं सांगितलं तर पोरं भांडायलाच लागली की खरं कुणाचं, आणि तिथून पुरावा म्हणजे काय, ऐकीव काय, डोळ्यानं बघितलेलं काय, असा पुढचा पूर्ण तास निघाला. हे मला कुठल्या ॲपातल्या तयार व्हिडिओतून कधीच जमलं नसतं.

वहीचे फोटो मागवत असाल तर एचडी निवडायला शिकवा, नाहीतर शिसपेन्सिलीचं अक्षर पुसट येतं आणि डोळे जातात.

टेलिग्रामची क्विझ, खरं बोलायचं तर, पोलपेक्षा सरस आहे, उत्तर चूक की बरोबर लगेच कळतं आणि का ते खाली लिहिता येतं. शिष्यवृत्ती न् नवोदयच्या तयारीला झकास. पण टेलिग्राम लातूरला क्लास लावलेल्या नाहीतर पोलीस भरतीवाल्या पोरांकडं असतं, पाचवीच्या बापाकडं नाही. व्हिडिओ दाखवायचा तर आधी डाउनलोड करून ठेवा, ऑटोप्ले बंद ठेवा, किंवा सरळ पुस्तकातला क्यूआर दीक्षा या सरकारी ॲपवर स्कॅन करा. वर्ग चालू असताना रील काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बोलले तर भांडणं होतील.

फोटोचं तेवढं सांभाळा. वॉट्सॲपला किमान वय 13 आहे, म्हणजे खातं पालकाचंच पाहिजे, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतल्या लेकरांच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते असं आहे. तरी लोक वर्गाचे फोटो नावानिशी स्टेटसला लावतात, कशाला?

तोटा एकच मोठा, ज्याच्या घरी रिचार्ज संपलाय तो लेकरू यातून बाहेर. त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात बसवून तेच काम तोंडी घ्यावं लागतं, त्यामुळं मी याच्यावर लेकरांना मार्क देत नाही. मार्क द्यायचेच तर व्हॉइस नोटला पाचपैकी पाच, ब्रॉडकास्टला चार, ग्रुपला दोन, ते पण सुट्टीची नोटीस टाकायला बरा पडतो म्हणून. नंबर सेव्ह करायचं काम 15 ऑगस्टला उरकून घ्या, झेंड्याला पालक आपोआप येतात आणि फोन खिशातच असतो.