एमबीई, ८(ए) की राज्याचं सर्टिफिकेट? आधी गिऱ्हाईक ठरवा

‘अरे, ते मायनॉरिटीचं सर्टिफिकेट काढून टाकू का?’ एडिसनमध्ये आठ माणसांची आयटी कंपनी चालवणाऱ्या मित्राचा फोन. मी विचारलं, काम कोणाकडून मिळवायचंय? तो म्हणाला, ते नंतर बघू. नेमकी इथेच गाडी उलटी जुंपली जाते. कंपनी अल्पसंख्याक माणसाच्या मालकीची आहे असा हा दाखला, कामं मिळवायला उपयोगी पडणारा. पण अमेरिकेत ‘मायनॉरिटी’ असं एकच सर्टिफिकेट नाही. देणारे वेगळे, मागणारे वेगळे, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या दारात चालतोच असं नाही.

सगळीकडे सारखी अट एकच: किमान ५१ टक्के मालकी आणि कंपनीचा खरा ताबा पात्र माणसाच्या हातात हवा. एच-१बी वाल्यांनी या वाटेला जाऊच नये. ग्रीन कार्ड असेल तर अर्धी दारं उघडतात, अर्धी बंद राहतात. त्यामुळे पहिली चाळणी तिथेच लावा.

खाजगी कंपन्यांना विकायचं असेल तर एमबीई (मायनॉरिटी बिझनेस एंटरप्राइज), म्हणजे १९७२ पासून चालत आलेल्या ‘नॅशनल मायनॉरिटी सप्लायर डेव्हलपमेंट कौन्सिल’चं सर्टिफिकेट. ही सरकारी संस्था नाही. मोठमोठ्या कंपन्या तिच्या सभासद आहेत आणि त्यांचे खरेदीवाले तिच्या यादीतून पुरवठादार शोधतात. भारतीय वंशाचे लोक यात बसतात, पण नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर भागत नाही. फी भागाप्रमाणे आणि उलाढालीप्रमाणे बदलते, दरवर्षी नूतनीकरण असतं, आणि माणूस प्रत्यक्ष भेटायला येतो. या भेटीला आपले लोक पाहुणचार समजतात. तो चहा पिईलही, पण नजर असते ती चेकवर सही कोण करतं, माणसं कोण नेमतं, दर कोण ठरवतं यावर. २०२५ पासून बऱ्याच कंपन्यांनी विविधतेची उद्दिष्टं गुंडाळली आहेत. म्हणून फी भरण्याआधी आपल्या दोन-तीन गिऱ्हाइकांच्या खरेदी विभागाला सरळ विचारा, तुम्ही अजून हे मागता का? उत्तर ‘नाही’ आलं, तर ते पैसे वाचले.

वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कामांवर डोळा असेल तर एसबीएचा, म्हणजे केंद्राच्या लघुउद्योग खात्याचा ८(ए) कार्यक्रम. अर्जाला फी नाही, मुदत नऊ वर्षांची, आणि ठराविक रकमेपर्यंतचं कंत्राट बिनास्पर्धा मिळू शकतं. सगळ्यात गोड फळ हेच, आणि काटेही यालाच जास्त. नागरिकत्व हवंच. व्यवसाय साधारणपणे दोन वर्षं जुना हवा. मालकाची निव्वळ मालमत्ता ८.५ लाख डॉलरच्या आत हवी. त्यात राहत्या घरातला आपला हिस्सा, कंपनीची किंमत आणि ४०१(के)सारखा निवृत्तीचा पैसा धरत नाहीत. पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट मात्र धरतात, आणि तोच लिहायचा आपल्याकडे विसर पडतो. तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न ४ लाख डॉलरच्या आणि एकूण मालमत्ता ६५ लाख डॉलरच्या आत, ही आणखी दोन कुंपणं. मालकाने कामाच्या वेळेत पूर्णवेळ कंपनीतच असावं अशी अपेक्षा असते. दिवसा बँकेत नोकरी आणि रात्री स्वतःची एलएलसी, हा आपला लाडका प्रकार इथे टिकत नाही. आणि हा लाभ जन्मात एकदाच मिळतो. हातात काम नसताना घाईने घेतलात, तर नऊ वर्षांतली पहिली दोन-तीन शिकण्यातच जातात.

अवघड जागा पुढेच आहे. पूर्वी उपखंडातून आलेल्यांना ‘सामाजिकदृष्ट्या वंचित’ असं गृहीतच धरायचे. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतल्या फेडरल कोर्टाने ते गृहीतक थांबवलं. आता प्रत्येकाला आपली कथा स्वतः लिहावी लागते: कुठे, कधी, कोणी डावललं आणि त्याने धंद्याचं काय नुकसान झालं. अनुभवही अमेरिकेतलाच लागतो, भारतात सोसलेलं मोजत नाहीत. म्हणजे गावात जातीमुळे ज्याने खरंच चटके खाल्ले त्याचा तो भाग इथे निरुपयोगी, आणि ज्याला तिकडे कोणी कधी अडवलं नाही त्याने इथे नावामुळे-उच्चारांमुळे मिळालेल्या नकारांची तारीखवार यादी करायची. मला यात खोटं काही वाटत नाही, पण लिहिताना हात अडखळतो हे खरं. नमुन्यातून उतरवलेली कथा वाचणाऱ्याला लगेच कळते.

राज्य सरकारचं काम हवं तर राज्याचं सर्टिफिकेट. न्यूयॉर्कचं एमडब्ल्यूबीई, म्हणजे अल्पसंख्याकांच्या आणि स्त्रियांच्या मालकीच्या कंपन्यांचं सर्टिफिकेट घ्या: १९८८ च्या कायद्याने आलेलं, राज्याच्या कंत्राटांत ३० टक्के वाट्याचं उद्दिष्ट ठेवणारं. इथे ग्रीन कार्ड चालतं, मालमत्तेची मर्यादा चक्क दीड कोटी डॉलर आहे, आणि एकदा मिळालं की पाच वर्षं निर्धास्त. कथा लिहायची कटकट नाही. ग्रीन कार्डवाल्याने माझ्या मते इथूनच सुरुवात करावी. न्यू जर्सीचं सर्टिफिकेट वेगळं, त्याचा अर्ज वेगळा.

रस्ते, मेट्रो, विमानतळ यांच्या कामांसाठी डीबीई (डिसअ‍ॅडव्हान्टेज्ड बिझनेस एंटरप्राइज) हे सर्टिफिकेट असतं, त्यालाही ग्रीन कार्ड पुरतं. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय वाहतूक खात्याने तिथलंही वंशाचं गृहीतक काढून टाकलं, त्यामुळे तिथेही आता वैयक्तिक पुरावा द्यावा लागतो. आयटीवाल्याने यात पडू नये.

मित्राचं गिऱ्हाईक एक विमा कंपनी निघाली आणि तो नागरिक आहे, म्हणजे त्याच्यापुरतं एमबीई. खरेदी विभागाने ‘मागतो’ असं लेखी कळवलंही. मग मी त्याचा ऑपरेटिंग अ‍ॅग्रीमेंट मागवला. कंपनीत कोणाचा किती वाटा आणि निर्णय कोणाचे, हे ठरवणारा हा करार. ५१ टक्के त्याचे, ४९ त्याच्या जुन्या गोऱ्या मॅनेजरचे. चौथ्या पानावर, इंटरनेटवरून उतरवलेल्या नमुन्यात, एक ओळ: सर्व महत्त्वाचे निर्णय दोन्ही भागीदारांच्या संमतीने. म्हणजे ४९ टक्केवाला कधीही नकार देऊ शकतो, आणि ताबा गेला. भेटीला येणारा माणूस आधी हेच पान उलटतो.

मी म्हटलं, ही ओळ काढ. तो म्हणाला, आधी त्याला विचारावं लागेल.