ब्लूजे : ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकताना काही महिन्यांच्या वापरानंतर

सी ही प्रोग्रामिंग भाषा येत असल्यामुळे जावा या भाषेतील लूप, अटी आणि अ‍ॅरे मला नवे नव्हते. गाडी अडत होती ती क्लास (साचा) आणि ऑब्जेक्ट (त्या साच्यातून घडवलेली वस्तू) यांच्यापाशी. त्यासाठी गेले काही महिने मी ब्लूजे हे जावा शिकण्यासाठीचे सॉफ्टवेअर नियमित वापरत आहे. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात याचे काम सुरू केले. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, २००९ पासून त्याचा सोर्स कोडही खुला आहे आणि आपल्याकडे आयसीएसईच्या शाळांत ते बरेच वापरले जाते.

जावाचा पहिला धडा सहसा 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' या ओळीने सुरू होतो आणि तिच्यातला एकही शब्द न समजता ती पाठ करावी लागते. ब्लूजेत मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो तो भाग, न लिहिताच सुरुवात करता येते. क्लास पडद्यावर चौकटीच्या रूपात दिसतो. त्यावर राइट-क्लिक करून ऑब्जेक्ट तयार केले की ते खालच्या पट्टीत लाल चौकोन होऊन बसते. नवशिक्यांनी बँक खात्याचा छोटा क्लास लिहावा, त्याची दोन ऑब्जेक्ट करावीत, पहिल्याची 'जमा' ही मेथड (ऑब्जेक्टकडून करून घ्यायची कृती) चालवून तिला ५०० द्यावेत आणि मग दोन्ही 'इन्स्पेक्ट' करून, म्हणजे आत काय साठले आहे ते उघडून, पाहावीत. पहिल्यातील शिल्लक ५०० होते, दुसऱ्यातील शून्यच राहते. त्यानंतर कोडपॅडमध्ये (जावाच्या सुट्या ओळी लगेच चालवून पाहण्याच्या चौकटीत) नवे व्हेरिएबल घेऊन त्यात पहिले खाते असाइन करावे आणि या नव्या नावाने आणखी २०० भरावेत. पहिल्या खात्यात आता ७०० दिसतात, कारण नावे दोन असली तरी खाते एकच आहे. रेफरन्स, म्हणजे व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नव्हे तर त्याचा पत्ता असणे, हे मला याच प्रयोगातून पक्के समजले.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. इन्स्पेक्टमध्ये प्रायव्हेट फील्डही (इतर क्लासना हात लावता न येणारी माहिती) दिसतात, त्यामुळे प्रायव्हेटला काही अर्थच नाही असा समज होऊ शकतो. दुसरा क्लास लिहून त्यातून शिल्लक थेट बदलण्याचा प्रयत्न करावा. कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम, लगेच अडवतो. इनहेरिटन्ससाठी (एका क्लासचे गुण दुसऱ्याला मिळणे) बँक खात्याच्या क्लासवरून बचत खात्याचा उपवर्ग करून त्याच्या ऑब्जेक्टवर राइट-क्लिक करावे, म्हणजे मूळ वर्गाकडून आलेल्या मेथड वेगळ्या उपमेनूत दिसतात.

त्रास एकच, पण रोजचा आहे : क्लास बदलून पुन्हा कंपाइल केला की पट्टीतील सर्व ऑब्जेक्ट नाहीशी होतात आणि मांडामांड पहिल्यापासून करावी लागते. यावर उपाय असा की ती ऑब्जेक्ट टेस्ट क्लासच्या (चाचण्या लिहिण्याच्या क्लासच्या) फिक्स्चरमध्ये, म्हणजे चाचणीपूर्वीच्या तयार मांडणीत, साठवावीत, म्हणजे हवी तेव्हा परत आणता येतात; शिवाय युनिट टेस्टची, म्हणजे कोडचे छोटे भाग सुटे तपासण्याची, सवयही लवकर लागते.

क्लासची संख्या वाढली की आकृतीतील बाणांची गर्दी होते, आणि मेव्हन किंवा ग्रेडल (मोठे प्रकल्प जुळवून तयार करणारी साधने) लागणाऱ्या प्रकल्पांसाठी हे साधन नाही. तोवर ऑब्जेक्ट एकमेकांच्या मेथड कशा बोलावतात हे डोळ्यांसमोर येऊ लागलेले असेल, तर इक्लिप्स किंवा इंटेलिजे या व्यावसायिक कामात वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रामिंग साधनांकडे वळावे. ब्लूजेतील क्लासच्या फाइली साध्या जावा फाइलीच असल्यामुळे त्या तिकडे जशाच्या तशा नेता येतात. फक्त मेन मेथड तेवढी स्वतः लिहावी लागते.